नावाचे माहेर

लग्न झाले की मुलीचे नाव बदलायचे, अशी चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत होती. जलालपूरच्या गोखल्यांची मनू १८८० साली टिळकांकडे आली आणि लक्ष्मी झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नाव मात्र लक्ष्मीच राहिले. ख्रिस्ती बाईचे नाव लक्ष्मी कसे, असा प्रश्न कुणालाही पडेल.

ख्रिस्ती मुलीचे नाव म्हणजे मेरी, एलिझाबेथ, मार्गारेट, अशी आपली समजूत असते आणि ही नावे आपण इंग्रजी समजून चालतो. वास्तविक इंग्लंड हे त्यांचे सासर. मेरी मूळची मिर्याम, मोशेच्या बहिणीचे नाव. तिच्या अर्थाबद्दल पंडितांचे अजून एकमत नाही. एलिझाबेथ मूळची अलीशेबा. तिच्यात देवाची शपथ आहे. ॲना म्हणजे कृपा, सुसाना म्हणजे लिलीचे फूल, डेबोरा म्हणजे चक्क मधमाशी! या साऱ्यांचे माहेर हिब्रू भाषेत. मार्गारेट ग्रीक, अर्थ मोती, म्हणजे आपली मुक्ताच. लूसी लॅटिन, तिच्यात प्रकाश आहे.

वाटेत नावांची रूपेही पालटली. एलिझाबेथ पोर्तुगालात इझाबेल झाली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यात व वसईत उतरली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्या अमलात बाप्तिस्म्याबरोबर नावही पोर्तुगीज होई. त्यामुळे धर्म बदलला की नाव बदललेच पाहिजे, असे लोकांना वाटू लागले.

पण खुद्द बायबलात काय दिसते? यापो गावी विधवांसाठी कपडे शिवणारी टबीथा होती. तिच्या अरामी नावाचा ग्रीक अर्थ तिथेच दिला आहे: दोर्कस, म्हणजे हरिणी. नावाचे भाषांतर झाले तरी बाई तीच! दुसरी फीबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. फीबी म्हणजे तेजस्विनी. ग्रीक पुराणांतल्या एका देवीचे हे नाव. तरीही पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना याच नावाने तिची शिफारस केली. ते बदलावे असे त्याने कुठे म्हटले नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे पुन्हा घडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटिज येथे पंडिता रमाबाई आणि त्यांची लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. आई झाली मेरी रमा, लेक मनोरमा मेरी. मेरी आली, पण रमा गेली नाही. महाराष्ट्राने त्यांना अखेरपर्यंत रमाबाई म्हणूनच ओळखले.

रमा म्हणजे तरी कोण? लक्ष्मीच. फीबीचे देवीचे नाव पौलाला खटकले नाही. रमाबाईंना आणि लक्ष्मीबाईंनाही आपली नावे खटकली नाहीत. सासरने मनूचे नाव बदलले. बाप्तिस्म्याने लक्ष्मीचे बदलले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्या. मुखपृष्ठावर आजही लक्ष्मीबाई टिळक हेच नाव आहे.