ओघतक्ता
ओघतक्ता किंवा प्रवाह तक्ता म्हणजे एखाद्या प्रक्रियेचे टप्पे क्रमाने दाखवणारी आकृती होय. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेत अशा तक्त्यांची पद्धत मांडली. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत नव्या भागाच्या मंजुरीच्या कागदपत्रांमध्ये ओघतक्त्याचा समावेश असतो. तो पॉवरपॉइंटमध्येही काढता येतो. ‘शेप्स’मधील आयत कृती दर्शवतो, तर उभा समभुज चौकोन निर्णय. तपासणीच्या चौकोनातून दोन बाण निघणे आवश्यक असते: योग्य भाग पुढे, सदोष भाग रिवर्कला किंवा भंगारात. दुसरा बाण बहुधा राहून जातो. मग तक्ता कितीही देखणा असला तरी सदोष भाग कोठे गेला, हे त्यावरून कळत नाही. बाणाची दोन्ही टोके आकृत्यांच्या कडेवरील बिंदूंना जोडल्यास आकृती हलवली तरी बाण सुटत नाही.