वडक्कनकुळमची भिंत : धर्म बदलला, मग जात कुठे उभी राहिली?

दरवर्षी १४ ऑक्टोबर जवळ आला की एक प्रश्न हमखास आपल्या अंगावर टाकला जातो. "धर्म बदलून तुम्हाला मिळालं काय? ख्रिश्चन झाले त्यांची तरी जात गेली का?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते. जात कुठेच जात नाही, तेव्हा आहात तिथेच मुकाट्याने राहा, एवढेच त्याला सांगायचे असते. अशा वेळी आपले काही तरुण गप्प बसतात, तर काही जण 'ख्रिश्चनांत जात नसतेच' असे ठोकून देतात. दोन्ही गोष्टींची गरज नाही. खरा इतिहास हाताशी असेल तर हा प्रश्न विचारणाऱ्याच्याच दारात नेऊन ठेवता येतो. म्हणून आज आम्ही तमिळनाडूतील एका कॅथलिक धर्मग्रामाची कहाणी मांडत आहोत.

तिरुनेलवेली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कन्याकुमारीच्या वाटेवर वडक्कनकुळम हे गाव आहे. जवळच आरलवाइमोळीची खिंड लागते. खिंडीपलीकडे पूर्वी त्रावणकोरचे राज्य होते. हा सगळा ताडाच्या झाडांचा मुलूख. ताडावर चढून रस काढायचा आणि त्याचा गूळ करायचा, हा इथल्या नाडर समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्यांना पूर्वी 'शाणार' म्हणत. जमीन, हिशेब आणि लेखणी ज्यांच्या हातात होती ते वेल्लाळ. पिल्लै, मुदलियार ही त्यांची उपनामे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्णाच्या हिशेबात वेल्लाळ हे शूद्रच. पण गावगाड्यात त्यांचा मान मोठा आणि विटाळाचे नियम कडक. नाडर हे त्यांच्या खालचे. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्रावणकोरात तर नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी १८५९ पर्यंत झुंजावे लागले. नाडरांच्याही खाली परयर आणि पल्लर. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, तिचा हा उघडा नकाशा. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी उभे आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी दबलेले.

या गावात १६८० च्या सुमारास नाडरांची ख्रिस्ती मंडळी तयार झाली आणि १६८५ मध्ये चर्च उभे राहिले. म्हणजे या धर्मग्रामाचा पाया घातला तो ताडावर चढणाऱ्या कष्टकऱ्यांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

हा भाग जेझुइट संघाच्या मदुराई मिशनच्या कक्षेत येत होता. या मिशनची रीत समजल्याशिवाय पुढची भिंत समजणार नाही. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन धर्मगुरू १६०६ मध्ये मदुराईला आला. वरच्या जातींना ख्रिस्ती करायचे तर आपण त्यांच्यासारखे दिसले पाहिजे, असा त्याचा हिशेब. त्याने संन्याशाचा वेश घेतला, मांसाहार सोडला आणि खालच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांपासून स्वतःला दूर ठेवले. धर्मांतरितांना जानवे आणि शेंडी ठेवू द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याला मुभा दिली. खालच्या जातींसाठी पुढे वेगळे धर्मगुरू नेमले गेले, त्यांना 'पंडारस्वामी' म्हणत. येशू एकच, पण त्याच्याकडे जाणारे रस्ते जातवार.

हे किती खोल गेले याचा एकच दाखला पुरे आहे. परयर ख्रिस्ती माणूस मरणाला टेकला तरी त्याच्या झोपडीत जाऊन अंतिम संस्कार करायला धर्मगुरू कचरत. तिथे गेले तर वरच्या जातीचे ख्रिस्ती विटाळ मानत. शेवटी १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांना हुकूम काढावा लागला की त्यांच्या घरी जावेच लागेल. मिशनने काय केले? परयरांसाठी वेगळे धर्मगुरू नेमून टाकले! हुकूमही पाळला गेला आणि विटाळही पाळला गेला. सरकारी परिपत्रकाची अंमलबजावणी आपल्याकडे कशी होते हे पाहिलेल्या कार्यकर्त्याला याचे नवल वाटणार नाही.

त्याच काळात वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये एक मोठी घटना घडली. नीलकंठ पिल्लै हे त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांच्या दरबारातले अधिकारी. १७४१ मध्ये कोळच्चलच्या लढाईत डचांचा पराभव झाला आणि कैद झालेला डच अधिकारी द लनॉय राजाच्या चाकरीत आला. त्याच्या सहवासात नीलकंठ यांना ख्रिस्ती धर्माची ओळख झाली. १४ मे १७४५ रोजी खिंड ओलांडून वडक्कनकुळमला येऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झाले देवसहायम. त्यानंतर ते उघडपणे सर्व जातींच्या लोकांत मिसळू लागले, माणसे समान आहेत असे सांगू लागले. दरबारातल्या उच्चवर्णीयांना हे खपले नाही. १७४९ मध्ये त्यांना अटक झाली, हाल झाले आणि १४ जानेवारी १७५२ रोजी आरलवाइमोळीजवळच्या डोंगरावर गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ते करताना व्हॅटिकनने त्यांच्या नावातले 'पिल्लै' हे जातीचे बिरुद वगळले. ज्या माणसाने जात टाकली म्हणून जीव गमावला, त्याच्या नावाला चिकटलेली जात सुटायला पावणेतीनशे वर्षे गेली.

आता त्या भिंतीकडे येऊ.

देवसहायम यांच्या बाप्तिस्म्याने पावन झालेल्या या धर्मग्रामात वेल्लाळ ख्रिस्ती आणि नाडर ख्रिस्ती एकत्र मिस्सेला बसायला तयार नव्हते. म्हणजे नाडर तयार होते, वेल्लाळ नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे पवित्र कुटुंबाच्या नावाने मोठे चर्च उभे राहिले. त्याची रचना बघा. वेदी एकच, पण तिच्याकडे येणारी दालने दोन. एका दालनात वेल्लाळ, दुसऱ्यात नाडर. धर्मगुरू दोघांनाही दिसेल, पण एकमेकांना एकमेकांचे तोंड दिसणार नाही. या आकारामुळे लोक त्याला विजारीसारखे चर्च म्हणू लागले. आपल्या गावात दोन पाणवठे असतात, चहाच्या टपरीवर दोन कप असतात, तसे हे विटाळाचे वास्तुशास्त्र. फरक एवढाच की इथे ते थेट देवाच्या वेदीपर्यंत पोहोचले होते.

ज्यांच्या पूर्वजांनी १६८० मध्ये मंडळीचा पाया घातला, तेच आपल्या चर्चमध्ये परके ठरले. जमीन, शिक्षण आणि प्रतिष्ठा ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच वेदीजवळची सेवा आणि पहिला मान. धर्मांतराने बाप्तिस्मा समान दिला, पण सातबारा समान दिला नाही. गावगाड्याची ताकद चर्चच्या दारात चपला काढून आत आली आणि आत जाऊन पुन्हा पहिल्याच जागी बसली.

१९१० मध्ये फादर कोसानेल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंच्या काळात ही विभागणारी भिंत पाडण्यात आली. वेल्लाळ खवळले आणि थेट न्यायालयात गेले. 'मायकेल पिल्लै विरुद्ध बार्थ' या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. बार्थ म्हणजे त्यावेळचे तिरुचिरापल्लीचे बिशप. आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी १९१७ चा ऑल इंडिया रिपोर्टर काढून हा निकाल जरूर वाचावा. मागणी काय होती? बिशपने भिंत पुन्हा बांधून द्यावी आणि वेदीजवळची सेवा करण्याचा हक्क फक्त आमचा आहे असे जाहीर करावे. नावे ख्रिस्ती, प्रार्थना ख्रिस्ती आणि कोर्टातली मागणी मनूची!

मद्रास उच्च न्यायालयाने ती फेटाळली. नाडरांच्या स्पर्शापासून दूर राहण्याचा हा जो हक्क मागितला जात आहे, त्याचे मूळ विटाळाच्या कल्पनेशिवाय दुसरे काही असू शकत नाही, आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांना हिंदू धर्मातल्या विटाळाचा आधार घेता येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय.

साथींनो, इथे थांबा आणि याच्या शेजारी दुसरा खटला ठेवा. रामनाड संस्थानातले कमुदी हे गाव. १८९७ मध्ये तिथल्या नाडरांनी मीनाक्षी-सुंदरेश्वराच्या देवळात प्रवेश केला. हे नाडर हिंदू होते. त्यांच्याविरुद्ध दावा लावला रामनाडचे राजे भास्कर सेतुपती यांनी. विवेकानंदांना शिकागोला जायला मदत करणारे हेच ते सेतुपती. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल लागला की रूढीनुसार नाडरांना या देवळात प्रवेशाचा हक्क नाही.

भाषा तीच, राजवट तीच, बंदी भोगणारी जात तीच. १९०८ मध्ये हिंदू नाडराला इंग्रजांच्या सर्वोच्च न्यायपीठाने देवळाबाहेर ठेवले. १९१० मध्ये ख्रिस्ती नाडरासमोरची भिंत पडली आणि न्यायालयाने ती पुन्हा बांधू दिली नाही. असे का? कारण देवळात विटाळाला धर्माचा आधार होता, रूढी म्हणून कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले. चर्चमध्ये विटाळ होता, चांगला दोनशे वर्षे मुरलेला होता, पण त्याला दाखवायला शास्त्र नव्हते. भांडायची वेळ आली तेव्हा तो उघडा पडला.

धर्म बदलून काय मिळाले, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. जात आपोआप गेली नाही. पण जातीच्या पाठीशी उभा असलेला धर्मग्रंथ बाजूला झाला आणि लढण्यासाठी जमीन मिळाली.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. ही जमीन मिळूनही भिंत १९१० पर्यंत उभीच होती. तोवर नाडर समाज बदलला होता. ताडाच्या धंद्यातून काही जण व्यापारात शिरले, पैसा आला, शाळा आल्या, संघटना आली. नाडर महाजन संगम १९१० मध्येच स्थापन झाला. तेव्हा भिंत पाडल्याचे श्रेय एका फादरला देऊन मोकळे होऊ नका. त्यांनी धैर्य दाखवले हे खरेच. पण ज्यांची नाराजी परवडणार नाही इतके बळ एखाद्या समाजाकडे येते, तेव्हाच संस्थांना आपली तत्त्वे आठवतात. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध चळवळ उभारली नाही, अशी टीका बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवरील आपल्या लेखनात केली आहे. धर्मांतर ही लढाईची सुरुवात असते, सुट्टी नसते, हा त्या टीकेचा अर्थ. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये आपण पाणी प्यालो आणि त्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल १९३७ मध्ये लागला. मधली दहा वर्षे बाबासाहेब कागद घेऊन भांडत होते. तिथेही सवर्णांचा आधार 'वहिवाट' हाच होता.

आणि आता तिसरी गोष्ट, जी सांगायला जड आहे पण टाळता येत नाही. वेल्लाळ आणि नाडर यांच्यातली भिंत पडली म्हणून तमिळ चर्चमधल्या सगळ्या भिंती पडल्या नाहीत. परयर आणि पल्लर ख्रिस्ती आजही अनेक ठिकाणी वेगळ्या दफनभूमीत पुरले जातात. तेव्हाच्या विलुप्पुरम जिल्ह्यातील एरैयूरमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांनी स्वतःचा वेगळा धर्मग्राम मागितला. मार्च २००८ मध्ये वन्नियार ख्रिस्ती त्यांच्यावर तुटून पडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोघे वन्नियार मेले. वन्नियार काही ब्राह्मण नव्हेत. ते स्वतः मागासवर्गीय. वरची भिंत पाडू पाहणाऱ्याला खालची भिंत दिसतेच असे नाही. श्रेणीबद्ध विषमतेची हीच तर करामत आहे.

आणि राज्यसंस्था काय म्हणते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. म्हणजे एकीकडे 'ख्रिश्चन होऊनही जात गेली नाही' म्हणून टोमणा मारायचा आणि दुसरीकडे 'ख्रिश्चन झालात, आता तुम्हाला जात नाही' म्हणून सवलत नाकारायची. दोन्हीपैकी एकच काहीतरी खरे असू शकते. या मागणीत आपण बौद्धांनी त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९० पर्यंत आपणही त्याच रांगेत उभे होतो.

शेवटी आपल्या विहाराकडेही याच नजरेने बघू या. आपल्याकडे विटाळाची भिंत नाही, आणि बावीस प्रतिज्ञांनी तिला जागाच ठेवलेली नाही. पण लग्नाच्या जाहिरातीत पोटजात कशासाठी विचारली जाते? मातंग, चर्मकार समाजातून दीक्षा घेतलेले कुटुंब विहारात आले तर पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव किती वर्षांनी येते? प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या विहाराच्या सभासद वहीत हे तपासावे, आणि येत्या १४ ऑक्टोबरच्या आधी त्यावर बैठक घ्यावी. विटांची भिंत पाडायला एक दिवस पुरतो. न दिसणारी भिंत आधी मोजावी लागते.

जय भीम.