आर्ग्युमेंट हस्तांतरण (पायथन)

आर्ग्युमेंट हस्तांतरण म्हणजे पायथन या संगणकीय भाषेत फंक्शन कॉल करताना दिलेली मूल्ये, अर्थात आर्ग्युमेंट, त्या फंक्शनच्या व्याख्येतील नावांशी, अर्थात प्राचलांशी, जोडली जाण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत ऑब्जेक्टची प्रत तयार होत नाही. प्राचल हे मूळ ऑब्जेक्टचेच आणखी एक नाव ठरते. त्यामुळे फंक्शनमध्ये केलेले काही बदल बाहेरही दिसतात, तर काही दिसत नाहीत.

== पार्श्वभूमी ==
अल्गोल ६० या भाषेत आर्ग्युमेंट मूल्याने किंवा नावाने देण्याची सोय होती. सी भाषेत प्राचलाला मूल्याची प्रत मिळते. मूळ चल बदलायचे असल्यास त्याचा पत्ता पॉइंटरद्वारे द्यावा लागतो. बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे विकसित केलेल्या क्लू भाषेत फंक्शन आणि त्याला कॉल करणारा भाग एकच ऑब्जेक्ट सामायिकपणे वापरत. १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या पायथनमध्येही हीच पद्धत आहे.

== बदल आणि पुनर्नेमणूक ==
समजा, एका फंक्शनला ४०, ७२ व ५५ या गुणांची यादी दिली. फंक्शनने 'अपेंड' वापरून त्यात ९० जोडल्यास मूळ यादीतही चार घटक दिसतात. मात्र प्राचलाला नवी यादी नेमून दिल्यास केवळ ते नाव दुसऱ्या ऑब्जेक्टशी जोडले जाते. बाहेरील यादी जशीच्या तशी राहते.

पूर्णांक, स्ट्रिंग व टपल हे प्रकार अपरिवर्तनीय असून यादी, डिक्शनरी व संच हे परिवर्तनीय आहेत. '+=' या चिन्हाचा परिणामही त्यानुसार बदलतो. यादीवर वापरल्यास मूळ यादीच वाढते. पूर्णांकावर वापरल्यास नवा ऑब्जेक्ट तयार होतो आणि बाहेरील मूल्य बदलत नाही. टपल अपरिवर्तनीय असला, तरी त्यातील यादी बदलता येते.

== संभाव्य चुका ==
हजेरी क्रमांकानुसार लावलेल्या गुणांचा मध्यक काढताना फंक्शनने यादीवर 'सॉर्ट' वापरल्यास मध्यक अचूक मिळतो. परंतु मूळ यादीचा क्रम बदलल्याने एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जाऊ शकतात. अशा वेळी कोणताही त्रुटीसंदेश येत नाही, म्हणून ही चूक शोधणे कठीण जाते. 'सॉर्टेड' हे फंक्शन नवी यादी देत असल्याने येथे ते सुरक्षित ठरते.

प्राचलाचे पूर्वनिर्धारित मूल्य फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते. ते रिकामी यादी असल्यास आणि फंक्शन तिच्यात घटक जोडत असल्यास, आधीच्या कॉलमधील घटक पुढील कॉलमध्येही आढळतात. यावर उपाय म्हणून 'नन' हे पूर्वनिर्धारित मूल्य ठेवून नवी यादी फंक्शनच्या आत तयार करतात.

== प्रत तयार करणे ==
मूळ यादी सुरक्षित ठेवण्यासाठी 'कॉपी' वापरून तिची प्रत काढता येते. ही प्रत उथळ असते. आतील याद्या दोन्हींत सामायिकच राहतात. संपूर्ण स्वतंत्र प्रतीसाठी 'कॉपी' मॉड्यूलमधील 'डीपकॉपी' वापरतात. मात्र मोठ्या माहितीसाठी त्यास अधिक वेळ व स्मृती लागते.

== हे सुद्धा पहा ==
* पायथन (संगणकीय भाषा)
* पॉइंटर
* डेटा संरचना