एकपत्नीकत्वाचा नियम आणि ताडकळस

जुन्या घराण्यांच्या वंशावळी चाळतांना एका पुरुषाच्या नांवाखालीं अनेक स्त्रियांचीं नांवें आढळणें हें संशोधकांस नवीन नाहीं. शिवछत्रपतींचे आठ विवाह झाले, हें प्रसिद्धच आहे. अशीं सर्व नांवें एका वेळीं हयात असलेल्या पत्नींचीं समजूं नयेत. सईबाई १६५९ सालींच वारल्या. तथापि बहुपत्नीकत्व शिष्टसंमत होतें, यांत शंका नाहीं. आज मात्र त्याच समाजांत एका वेळीं एकच पत्नी हा नियम आहे. हा पालट कां झाला व तो कायद्यानें केव्हां कायम झाला, याचा विचार परभणी जिल्ह्यांतील ताडकळस हें गांव दृष्टीसमोर ठेवून येथें करावयाचा आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. धर्म व प्रजा यांनीं संपन्न अशी पत्नी असतां दुसरी करूं नये, असें आपस्तंबाचें मत आहे. मनु व याज्ञवल्क्य यांनीं वंध्यत्व, केवळ कन्याच होणें इत्यादि कारणें सांगून दुसऱ्या विवाहास वाट ठेविली. पण याज्ञवल्क्यानें पहिलीस ‘आधिवेदनिक’ द्यावें असें सांगितलें. दुसऱ्या लग्नास लागेल तितकें द्रव्य पहिलीस द्यावयाचें; तिला पूर्वीं स्त्रीधन मिळालें असल्यास अर्धें. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें ज्या मिताक्षरेंत हीं वचनें विशद केलीं, तीच पुढें महाराष्ट्रांत प्रमाण झाली. सारांश, शास्त्रानें दुसरा विवाह निंद्य व खर्चाचा केला, पण रद्द मात्र केला नाहीं.

तरीहि सामान्य कुणब्याच्या घरीं एकच बायको असे. स्त्रीपुरुषांची संख्या जवळजवळ सारखी असल्यामुळें एकानें दोन केल्यास दुसऱ्या कोणास तरी एकहि न मिळण्याचा प्रसंग येतो. शिवाय दोन चुलींचा खर्च व सावत्र मुलांत जमिनीची वांटणी हीं संकटें होतींच. मानववंशशास्त्रज्ञांनीं नोंदलेल्या समाजांपैकीं सुमारें ८५ टक्के समाजांत बहुपत्नीकत्वास मुभा आढळते. परंतु मुभा अनेकांस आणि आचरण थोड्यांचें, अशीच बहुतेक ठिकाणीं स्थिति दिसते.

मग कायद्याची गरज कां पडली? गरिबास एकपत्नीकत्व परिस्थितीनें शिकविलें होतें. श्रीमंतास तें शिकविणारें कोणी नव्हतें. धनिकांनीं अनेक स्त्रिया केल्या म्हणजे निर्धन तरुण अविवाहित राहतात व त्यांच्यांतील चढाओढ आणि गुन्हे वाढतात, म्हणून एकपत्नीक समाज अधिक स्वस्थ व बलवान् झाले, असें हेन्रिक, बॉइड व रिचर्सन या विद्वानांनीं २०१२ सालीं प्रतिपादिलें. प्रस्तुत लेखकास हें कारण खरें पण अपुरें वाटतें. तुर्कस्थानानें १९२६ सालीं व चीननें १९५० सालीं जो निर्बंध घातला, त्यांत स्त्रीच्या समान दर्जाची मागणीहि होती. आपल्याकडेहि तसेंच झालें.

मुंबई इलाख्यांत हिंदूंचा द्विभार्याविवाह १९४६ च्या २५ व्या कायद्यानें रद्दबातल व दंडनीय ठरला. त्या कायद्यास आव्हान दिलें गेलें असतां मुंबई उच्च न्यायालयानें १९५१ सालीं नरसू आप्पा माळी खटल्यांत तो वैध ठरविला. परंतु ताडकळस हैदराबाद राज्यांत होतें. तेथील निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली, तरी मुंबईचा कायदा तेथें लागू झाला नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ३० व्या कलमांत रद्द केलेल्या जुन्या कायद्यांची यादी होती; तींत मुंबई, मद्रास व सौराष्ट्र यांचे कायदे होते, हैदराबादचा एकहि नव्हता. म्हणजे १९५० सालीं पुण्याच्या रहिवाशाचें दुसरें लग्न शून्यवत्, आणि ताडकळसच्या रहिवाशाचें तेंच लग्न शास्त्राप्रमाणें वैध. ताडकळसला हा भेद १८ मे १९५५ रोजीं मिटला. जिल्हा मुंबई राज्यांत आला तो त्यानंतर, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं.

कागद जमविणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. मुंबईचा कायदा इलाख्याबाहेर लागलेल्या लग्नासहि, वधूवरांपैकीं एकाचा अधिवास इलाख्यांत असल्यास, लागू होता. म्हणून वांटणीपत्रांत किंवा वारसाच्या अर्जांत दुसऱ्या बायकोचें नांव दिसतांच तिला बेकायदेशीर म्हणूं नये. लग्नाची तारीख, स्थळ व अधिवास हीं तिन्ही पाहावींत. एका कुटुंबाची अब्रू व हक्क त्यावर अवलंबून असतात.

कायद्यानेंहि सर्व साधलें असें नाहीं. भाऊराव शंकर लोखंडे खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं, गांधर्व पद्धतीनें झालेल्या दुसऱ्या लग्नांत होम व सप्तपदी हे आवश्यक विधि झाले नाहींत, म्हणून गुन्हा सिद्ध होत नाहीं असें ठरविलें. अशा वेळीं पुरुष सुटतो, आणि दुसऱ्या स्त्रीच्या हातीं पत्नीपणाहि उरत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९–२१) १.४ टक्के विवाहित स्त्रियांनीं पतीस अन्य पत्नी असल्याचें सांगितलें. प्रमाण अल्प असलें तरी प्रश्न संपलेला नाहीं.

एकपत्नीकत्व व्यवहारांत जुनें आणि कायद्यांत नवें आहे, हें वरील विवेचनावरून दिसेल. पहिल्या पत्नीस आधिवेदनिक खरोखर दिल्याचा दाखला कोणाच्या संग्रहीं असल्यास तो अवश्य प्रसिद्ध करावा. शास्त्रांतलें तें वचन घरांत कितपत पाळलें गेलें, हें त्यावरूनच कळेल.