ग्रेस हे नाव आणि घरबसल्या पाहिलेला चीन

टोपणनावे घेताना मराठी कवींनी पुष्कळदा नात्यांचा आधार घेतला आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे वडील, भाऊ, बहीण यांच्याकडे बोट दाखवतात. कवी घराबाहेर पडतो खरा, पण घराचा पत्ता खिशात ठेवूनच. नागपूरकरांना जवळचे असलेले आत्माराम रावजी देशपांडे यांनी नाते सोडले आणि ‘अनिल’ हा संस्कृत शब्द पत्करला. त्याच नागपुरात १९३७ साली जन्मलेल्या माणिक सीताराम गोडघाटे यांनी जे नाव घेतले, ते मात्र नात्याचेही नव्हते आणि संस्कृतही नव्हते. ते इंग्रजी होते, ऐकणाऱ्याला एखाद्या ख्रिस्ती स्त्रीचे वाटावे असे होते, आणि ते एका चित्रपटातून आले होते.

हा चित्रपट म्हणजे मार्क रॉबसनने दिग्दर्शित केलेला ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ (१९५८). त्यात इन्ग्रिड बर्गमनच्या व्यक्तिरेखेविषयी ती ईश्वरी कृपेत आहे अशा आशयाचे एक वाक्य येते. त्यातला ‘ग्रेस’ हा शब्द कवीने उचलला आणि त्या अभिनेत्रीप्रती असलेला आदर म्हणून आयुष्यभर धारण केला, ही हकीकत मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. ती आपण एक रंजक तपशील म्हणून सांगतो आणि लगेच दुर्बोधतेच्या चर्चेकडे वळतो. माझ्या मते इथे थोडे थांबायला हवे. घरी बसून परकी संस्कृती आपल्यापर्यंत पोहोचते म्हणजे नेमके काय पोहोचते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

अशा उसनवारीत ग्रेस पहिले नव्हते. माधव त्र्यंबक पटवर्धनांनी ‘जूलियन’ हे नाव इंग्रजी वाचनातून घेतले होते. पण माधव जूलियनांचा परकीयांशी संबंध विद्वानाचा होता. ते फारसीचे अध्यापक होते. त्यांनी फार्शी-मराठी कोश रचला, आणि खय्यामच्या रुबायांशी ते मूळ फारसीतून झगडले तसेच फिट्झगेराल्डच्या इंग्रजीतूनही. ग्रेस यांच्या बाबतीत असा अभ्यास नाही. एका पडद्यावरचा एक शब्द, एवढेच.

तो पडदा तरी कितपत खरा होता? कथा ग्लॅडिस एल्वर्ड या लंडनच्या मोलकरणीची. मिशनरी संस्थेने नाकारल्यावर ती स्वतःच्या मजुरीतून पैसे साठवून, १९३०च्या दशकाच्या आरंभी, सैबेरियामार्गे आगगाडीने चीनला गेली. शान्सी प्रांतातल्या यांगचेंगला जेनी लॉसन या वृद्ध मिशनरीबरोबर तिने खेचरवाल्यांसाठी खाणावळवजा सराई चालवली. तिचे नाव ‘आठ सुखांची सराई’ असे होते. चित्रपटाने सुखे सहावर आणली. एल्वर्ड ठेंगणी, काळ्या केसांची. बर्गमन उंच, गोरीपान स्वीडिश. चिनी अधिकाऱ्याच्या भूमिकेत कुर्ट युर्गेन्स हा युरोपीय नट, मँडरिनच्या भूमिकेत इंग्रज रॉबर्ट डोनाट. चीनचे डोंगर म्हणून दिसतात ते वेल्समधल्या स्नोडोनियाचे. खुद्द एल्वर्डबाई या चित्रपटावर, विशेषतः त्यातल्या प्रेमप्रसंगांवर, फार नाराज होत्या.

तेव्हा नागपूरच्या प्रेक्षकापर्यंत चीन पोहोचलाच नाही, असे म्हणायला हरकत नाही. पोहोचला तो एक चेहरा आणि एक शब्द. या कथेतच एक प्रसंग मात्र असा आहे की तो आपल्या विषयाची जणू उलटी प्रतिमा ठरावा. सराईत उतरणाऱ्या खेचरवाल्यांना गरम जेवण मिळे, आणि जेवणानंतर बायबलमधल्या गोष्टी ऐकायला मिळत. नोहाचा पूर, मोझेसचा प्रवास हे त्या डोंगरी माणसांनी वाटीभर शेवयांच्या सोबतीने ऐकले. त्यांना पॅलेस्टाईन कळला असेल का? बहुधा नाही. पण गोष्टी त्यांनी पुढच्या मुक्कामी नेल्या, आपल्या बोलीत आणि आपल्या जोडीसह. ग्रेस यांनी त्या शब्दाचे केले ते याहून फार वेगळे नाही.

शिवाय हा शब्द नागपुरात अगदीच अनोळखी जमिनीवर पडला नव्हता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीच इथे आला होता, आणि त्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३पासून इथे आहे. चर्चची घंटा या शहरात मंदिराच्या घंटेच्या शेजारी वाजते. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) लिहिणाऱ्या कवीच्या ललितलेखांचे पुस्तक ‘चर्चबेल’ आणि पुढच्या एका कवितासंग्रहाचे नाव ‘सांध्यपर्वातील वैष्णवी’, ही जोडी मला हौसेची वाटत नाही. ‘ग्रेस’चा अर्थ आपल्या परंपरेत अनुग्रह, प्रसाद. संतवाङ्मय वाचलेल्या मराठी माणसाला ती कल्पना परकी नव्हती, फक्त उच्चार परका होता.

या साऱ्यात एक गोष्ट मात्र खटकते. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथक शेन्सी प्रांतातल्या येनानपर्यंत पोहोचले. एल्वर्डने १९४० साली सुमारे शंभर अनाथ मुलांना डोंगर ओलांडून ज्या प्रांतात नेले, तोच हा प्रांत. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि तिथेही चिनी पत्नी झाली जयश्री. चोळकर जिवंत परतले. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, आणि नागपूरच्या साहित्यिक गप्पांत चीनचा विषय निघाला की आजही आठवते ती बर्गमनच.