वस्त्रविद्या, फॅशन व मर्चंडायझिंग : शिक्षण आणि संशोधन, भारतातील

तंतू, सूत, कापड आणि तयार कपडा यांची निर्मिती, रचना व विक्री यांचे पद्धतशीर अध्यापन आणि त्याला जोडून होणारे संशोधन या ज्ञानशाखेत येते. भारतात ही शाखा एका ठिकाणी वा एका वेळी उभी राहिली नाही. गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून वस्त्रतंत्रविद्या आली, मुलींच्या उच्च शिक्षणाचा भाग म्हणून गृहविज्ञानातील वस्त्रविभाग निघाले, स्वातंत्र्यानंतर देशी कारागिरीला नवी दिशा देण्यासाठी वस्त्र-डिझाइनचे शिक्षण सुरू झाले आणि तयार कपड्यांच्या निर्यातीने फॅशन व मर्चंडायझिंग हे विषय आणले. चारही प्रवाहांचा विषय कापड हाच असला, तरी त्यांच्या संस्था, पदव्या आणि संशोधनाच्या रीती निरनिराळ्या राहिल्या. या शाखेच्या बऱ्याच उणिवांचे मूळ या फाटाफुटीत सापडते.

मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, तेव्हा यंत्रांबरोबर ती चालविणारे जाणकारही इंग्लंडहून आणावे लागले. हे अवलंबित्व कमी करण्याच्या हेतूने 1887 मध्ये भायखळा येथे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि यंत्र-अभियांत्रिकीच्या जोडीने वस्त्रनिर्मिती हा तिच्या पहिल्या विषयांपैकी एक ठरला. 1923 मध्ये संस्था माटुंग्याला गेली. आज ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. तेथील शिक्षण मोजमापावर उभे होते. उदाहरणार्थ, सुताची बारीकी ‘काउंट’मध्ये सांगतात. 840 यार्ड लांबीची एक लड धरली, तर अशा जितक्या लडी एक पौंड वजनात बसतात तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे 40 काउंटच्या एक पौंड सुताची लांबी 33,600 यार्ड भरते आणि काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. कोणत्या कापसातून किती काउंटचे सूत न तुटता निघेल, हा गिरणीच्या नफ्यातोट्याचा प्रश्न होता, आणि वस्त्रसंशोधनाचा आरंभही याच प्रश्नातून झाला.

1924 मध्ये माटुंग्यातच कापसाची तंत्रप्रयोगशाळा स्थापन झाली, जी आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. कापसाच्या वाणाची पारख शेतातील उताऱ्यावर न थांबता तंतूची लांबी, बारीकी, ताकद आणि प्रत्यक्ष कताई यांवरून व्हावी, ही तिच्या कामाची दिशा होती, आणि शेतकरी ते गिरणी अशी सलग साखळी नजरेपुढे ठेवणारे हे काम या क्षेत्रातील सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक मानावे लागते. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला, त्यात सुरुवातीपासून वस्त्ररसायन शिकवले जाई. विरंजन, रंगाई, छपाई आणि कापडाला शेवटी देण्यात येणारे संस्कार हा त्याचा आशय होता. या विभागाचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी संश्लेषित रंजकद्रव्यांवर संपादिलेला बहुखंडी ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. गिरणीमालकांनी एकत्र येऊन चालविलेल्या सहकारी संशोधन संस्थाही या काळात निघाल्या. अहमदाबादच्या ‘अटिरा’ची स्थापना 1947 मध्ये झाली व विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक होते, मुंबईत 1950 मध्ये ‘सस्मिरा’ आणि 1954 मध्ये ‘बिट्रा’, तर कोइमतूर येथे 1956 मध्ये ‘सिट्रा’ उभी राहिली.

गृहविज्ञानाचा प्रवाह याहून शांतपणे वाहिला. दिल्लीचे लेडी अर्विन महाविद्यालय (1932), हंसा मेहता कुलगुरू असताना बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात निघालेली गृहविज्ञान शाखा आणि मुंबईतील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ही त्याची महत्त्वाची केंद्रे होत. तंतूंची ओळख, कापडाची निगा, कपडे बेतणे व शिवणे यांपासून सुरू झालेला हा अभ्यास प्रादेशिक वस्त्रपरंपरांच्या नोंदीपर्यंत पोहोचला. बायकांचा विषय म्हणून त्याला दुय्यम लेखले गेले हे अन्यायाचे होते, कारण भरतकामाचे टाके, नैसर्गिक रंग, जुनी वस्त्रे जतन करण्याच्या रीती यांविषयी विद्यार्थिनींनी गावोगाव फिरून जमविलेली माहिती अभियांत्रिकीच्या वस्त्रविभागांनी गोळा केली नसती.

डिझाइनच्या शिक्षणात हातमागाला मध्यवर्ती स्थान मिळाले. विणकर सेवा केंद्रांची योजना 1950 नंतरच्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने आकाराला आली. त्यांत चित्रकार आणि विणकर एका छपराखाली काम करीत. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी या केंद्रांत दीर्घकाळ नोकरी केली. अमेरिकन डिझायनर चार्ल्स व रे ईम्स यांनी भारतातील डिझाइनविषयी 1958 मध्ये सादर केलेल्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली आणि फिनलंडच्या हेलेना पेर्हेनटुपा यांनी तेथील वस्त्र-डिझाइनच्या अभ्यासक्रमाला घडण दिली. विद्यार्थ्याने मागावर बसून ताणा भरावा, बाणा टाकावा, आणि कागदावरची रेषा कापडात उतरताना कशी बदलते ते हाताने समजून घ्यावे, ही त्यामागची भूमिका होती.

1982 हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने संक्रमणाचे ठरले. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, ज्यानंतर गिरणगाव पूर्ववत झाले नाही. त्याच वर्षी इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावी दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची वस्त्र व अभियांत्रिकी संस्था निघाली. कापडाचे उत्पादन विकेंद्रित झाले, त्यामागोमाग शिक्षणही गिरण्यांच्या शहरातून बाहेर पडले.

तयार कपड्यांची निर्यात वाढू लागल्यावर 1986 मध्ये दिल्लीत न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) सुरू झाली. तिची मुंबई शाखा 1995 ची. संसदेच्या 2006 च्या कायद्याने संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. डिझाइनइतकेच महत्त्व येथे मर्चंडायझिंगला लाभले. योग्य माल, योग्य प्रमाणात, योग्य भावाने आणि योग्य वेळी ग्राहकापुढे असावा यासाठी करावयाचे नियोजन म्हणजे मर्चंडायझिंग, आणि ते करणारा मर्चंडायझर हा परदेशी खरेदीदार व कारखाना यांच्यामधला दुवा असतो. नमुना मंजूर करून घेणे, कापड, बटणे व लेबले वेळेवर मागविणे, दर काढणे आणि जहाजाची तारीख सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असतात. देशादेशांना निर्यातीचा कोटा ठरवून देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था 1 जानेवारी 2005 पासून संपली, त्यानंतर मागणी टिकवणे सर्वस्वी दर, दर्जा आणि वेळ यांवर आले. त्यामुळे या विषयाचे वजन वाढले.

मर्चंडायझरला प्रयोगशाळा का समजली पाहिजे, हे विणलेल्या टी-शर्टच्या कापडावरून स्पष्ट होते. अशा कापडाचे वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असे, सांगतात. गोल कटरने कापडाचा 100 चौ. सेंमी. क्षेत्रफळाचा तुकडा कापून तराजूवर ठेवतात, तो 1.80 ग्रॅम भरला, तर कापड 180 जीएसएमचे. ठरले असेल 180 आणि आले 165, तर कापड सुमारे 8 टक्के हलके आहे: किलोवर घेतलेल्या मालातून कपडे जास्त निघतील, पण पोत विरळ असल्याने खरेदीदार माल नाकारू शकतो. ज्या अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचे तक्ते शिकवतात पण हा तुकडा विद्यार्थ्याच्या हातून कापून घेत नाहीत, तो अपुराच म्हणावा लागतो.

संशोधनाचा रोख आज तंतूपासून वापरणाऱ्याकडे सरकला आहे. जपानच्या सुएओ कावाबाता यांनी कापडाच्या स्पर्शाला वाकणे, ताणणे, दबणे, घर्षण अशा मोजता येणाऱ्या गुणांत बसविणारी यंत्रमालिका तयार केली, तिचा वापर भारतीय प्रयोगशाळांतही होतो. ‘इंडियासाइझ’ या निफ्टच्या प्रकल्पाने सहा शहरांतील 15 ते 65 वयोगटाच्या 25,000 हून अधिक स्त्रीपुरुषांची शरीरमापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे योजले. भारतीय बांध्याचे स्वतःचे मापकोष्टक नसल्याने परदेशी मापांवर बेतलेले कपडे खांद्याला वा कमरेला बसत नाहीत, ही त्यामागची अडचण आहे. मात्र मर्चंडायझिंगचा अभ्यास अजून प्रामुख्याने शिवलेल्या कपड्याभोवती फिरतो. न शिवलेली, मापाची गरज नसलेली साडी हा भारतीय बाजाराचा मोठा आधार आहे. लग्नाचा बस्ता कोण ठरवते, मानापानाच्या साड्यांचा दर्जा कसा विभागला जातो, लग्नसराईसाठी दुकानदार येवल्याला वा सोलापूरला मागणी केव्हा नोंदवतो, या व्यवहारात मालनियोजनाचे पक्के ज्ञान आहे आणि त्याची शास्त्रीय मांडणी होणे अगत्याचे आहे.

कारागिराला या शिक्षणात बहुधा माहिती देणाऱ्याची जागा मिळाली, विद्यार्थ्याची नव्हे. याला छेद देणारा प्रयोग कच्छमध्ये झाला. ज्यूडी फ्रेटर यांनी 2005 मध्ये कला रक्षा विद्यालय आणि 2014 मध्ये मुंबईच्या सोमैया न्यासाच्या पाठबळाने सोमैया कला विद्या सुरू केली. येथे विणकर, बांधणीकार, अजरखचे छापणीकार आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रिया हेच विद्यार्थी असतात. कामधंदा बुडू नये म्हणून अभ्यासक्रम वर्षभरात विखुरलेल्या छोट्या सत्रांत विभागलेला असून, रंग व मूलभूत रचना यांपासून सुरू होऊन तो बाजारपेठेची ओळख, कल्पनेचा विस्तार, कपड्यांचा संग्रह तयार करणे आणि अखेरीस सादरीकरण व मर्चंडायझिंग येथवर जातो, म्हणजे आपल्या मालाची निवड, मांडणी आणि किंमत कारागीर स्वतः ठरवू लागतो.