किसान क्रेडिट कार्ड

किसान क्रेडिट कार्ड ही शेतकऱ्यांना हंगामाच्या वेळी पीककर्ज मिळावे यासाठी भारतात १९९८ साली सुरू झालेली योजना आहे. तिचा आराखडा आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशींवरून नाबार्डने तयार केला. २०१८-१९ पासून पशुपालन व मत्स्यव्यवसायही तिच्या कक्षेत आले.

कर्जमर्यादा
पिकाचा हेक्टरी कर्जदर व लागवडीखालील क्षेत्र यांच्या गुणाकारावरून मर्यादा ठरते. त्यात काढणीपश्चात व घरखर्चासाठी १०% आणि शेतीसाधनांच्या देखभालीसाठी २०% रक्कम मिळवतात. त्यामुळे सातबाऱ्यावरील पीकनोंद महत्त्वाची ठरते. कार्डाची मुदत पाच वर्षे असते. व्याज केवळ उचललेल्या रकमेवर लागते.

अर्ज
पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या गावांतील शेतकऱ्याला विविध कार्यकारी सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून किंवा थेट व्यापारी बँकेकडून कर्ज घेता येते. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार व पॅन कार्ड जोडतात. इतर बँकांचे कर्ज थकीत नसल्याचीही खात्री केली जाते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जास तारण लागत नाही.

व्याज व परतफेड
३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजदर ७% असून मुदतीत परतफेड केल्यास केंद्राकडून ३% सवलत मिळते. महाराष्ट्रात उर्वरित व्याजावरही डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून सवलत मिळते. मुदत चुकल्यास या दोन्ही सवलती मिळत नाहीत. १ लाख रुपयांच्या वार्षिक कर्जावर हा फरक काही हजार रुपयांचा होतो.